मिरचीला गेलेली माणसं

धान कापून झालं, मळणी उरकली, वर्षभराच्या पोटापुरतं घरात आलं, की अहेरी, सिरोंचा, मुलचेरा, चामोर्शी या तालुक्यांतली गावं विरळ व्हायला लागतात. डिसेंबरच्या अखेरीस सुरुवात होते, संक्रांतीनंतर वेग येतो. अमकी दिसत नाही, कुठे गेली, असं विचारलं तर उत्तर येतं, ‘मिरचीले गेली.’ गावाचं नाव सांगावं लागत नाही. मिरची म्हणजे नदीपलीकडचा तेलंगणा. खम्मम, वरंगल, मुलुगू, भद्राचलमकडचा सगळा पट्टा. कुणी महिनाभर जातं, कुणी दोन महिने. काही घरांत म्हातारी आणि शाळेतलं एखादं पोर तेवढं मागे राहतं. काही घरांना सरळ कुलूप.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘घाम’ हा विषय दिला, तेव्हा आधी हाच पट्टा डोळ्यांसमोर आला. बीडच्या ऊसतोडीबद्दल मराठीत बरंच लिहून झालं आहे, आणि ते आवश्यकच होतं. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यातून दरवर्षी जाणारी मिरचीतोडीची माणसं मात्र बातमीत येतात ती अपघात झाल्यावर किंवा टाळेबंदी लागल्यावर. माझा प्रश्न साधा होता. कामासाठी गाव सोडणाऱ्या माणसाच्या शरीराचं काय होतं, आणि त्या शरीराची काळजी घेण्यासाठी उभी केलेली यंत्रणा त्याला कुठे गाठते?

पुलाच्या अलीकडे

अहेरी म्हणजे जुन्या जमीनदारीचं गाव. गडचिरोलीहून शंभरावर किलोमीटर दक्षिणेला, आलापल्लीच्या सागवनाला लागून. बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, माडिया अशा भाषा एकाच दुकानापुढे ऐकू येतात. गावाजवळून प्राणहिता वाहते आणि वांगेपल्लीच्या पुलावरून पलीकडे गेलं की गुडेम, म्हणजे तेलंगणा. पूल नव्हता तेव्हा लोक नावेतून जात. लग्नं, नातीगोती, बाजार, सगळं दोन्ही काठांवर पसरलेलं. त्यामुळे इथल्या माणसाला पलीकडे जाणं परदेशी गेल्यासारखं वाटत नाही. सरकारी कागदाला मात्र वाटतं.

सकाळी गाड्या भरतात. काळी-पिवळी, पिकअप, कधी मालवाहू ट्रक. माणसांबरोबर तांदळाचं पोतं, डेकच्या, चटया, ताडपत्री, प्लास्टिकची कॅन, झोळीतलं मूल. सोबत मेस्त्री असतो. मजुरांची टोळी जमवणारा, शेतमालकाशी फोनवर बोलणारा, उचल देणारा. बहुतेक वेळा तो त्याच गावचा किंवा शेजारच्या गावचा असतो, म्हणून भरवसा असतो. सामानात मी मच्छरदाणी शोधत होते. शासनाने वाटलेल्या औषधभारित मच्छरदाण्या इथल्या घरोघरी आहेत. गाडीत एकही दिसली नाही. ‘थे घरीच असू द्या,’ एक बाई म्हणाली, ‘तिकडं बांधाले खांब कुठं आहे?’

लोक का जातात, हे समजायला फार खोलात शिरावं लागत नाही. पावसावरचं एक पीक. धान निघालं की मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं आणि मे महिन्यात तेंदूपत्ता येईपर्यंत हातात पैसा आणणारं काम नाही. रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरलेली होती. पण काम वेळेवर निघेल आणि पैसे वेळेवर खात्यात येतील, याची हमी त्या आकड्यात नसते. मिरचीत पैसे हिशेबाला हातात पडतात. काही जण मजुरीचा काही भाग मिरचीतच घेतात. वर्षाचं तिखट घरात येतं, उरलेली मिरची इकडे विकता येते. हा विचार करून घेतलेला निर्णय आहे. या लोकांना ‘भटकावं लागतं’ असं म्हणताना त्यांच्या हिशेबीपणाकडे आपलं दुर्लक्ष होतं.

काट्यावरची मजुरी

मिरची तोडायची म्हणजे वाकायचं. झाड कमरेएवढं किंवा त्याहून थोडं उंच, फळं पानांआड खालपर्यंत लटकलेली. लाल झालेलं फळ देठासकट खुडायचं, हिरवं राहू द्यायचं. पहिला तोडा, मग दुसरा, मग तिसरा. खुडलेली मिरची पोत्यात, पोतं खळ्यावर, खळ्यावर काटा. जितके किलो तितके पैसे. दिवस मोजत नाहीत, वजन मोजतात.

या मजुरीच्या पद्धतीतच आजाराचं मूळ आहे, असं माझं मत ठाम होत गेलं. दिवसाच्या मजुरीत माणूस पाणी प्यायला गेला, पाठ टेकली, मुलाला पाजायला बसला, तर मालक कदाचित ओरडेल, पण मजुरी कापली जाईलच असं नाही. काट्यावरच्या मजुरीत ओरडणारा कुणी लागत नाही. थांबलेला प्रत्येक क्षण आपल्याच पोत्यातून वजा होतो. माणूस स्वतःच स्वतःचा मुकादम बनतो.

मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यात असतो, ते कॅप्सायसिन बियांपेक्षा आतल्या पांढऱ्या गाभ्यात जास्त असतं. फळ दबलं, तडकलं की ते बोटांना लागतं. ते त्वचेतल्या, उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांना चेतवतं. प्रत्यक्षात भाजलेलं नसतं, पण शरीराला भाजल्याचा निरोप जातो. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून दिवसभर तोडणी केलेल्या हातांवर पाणी ओतून आग शमत नाही. बायकांना हे ठाऊक आहे. त्या आधी तेल चोळतात, मग हात धुतात. पण तेलही मोजून आणलेलं असतं. बोटांना चिंध्या किंवा प्लास्टिक गुंडाळलं तर आग कमी होते, पण खुडण्याचा वेगही कमी होतो. काटा काय म्हणेल, हे माहीत असल्यामुळे दुपारपर्यंत चिंध्या निघतात.

या हातांनी मूल पाजायचं असतं. या हातांनी डोळ्यांवरचा घाम पुसायचा असतो. पाळीच्या दिवसांत याच हातांनी कापड बदलायचं असतं, आणि ते शेताच्या बांधाआड, बिनपाण्याचं. बोलायला आधी कचरणाऱ्या बायका ही गोष्ट एकदा निघाली की थांबत नाहीत. ‘हात लागला का जीव जाते बाई,’ असं एकीने सांगितलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांच्यातली एक पाळीच्या दिवसांत कापड बदलायचं टाळते, सकाळचं रात्रीपर्यंत ठेवते. याला अज्ञान म्हणणाऱ्यांनी एक दिवस मिरचीची ओळ धरून पाहावी.

त्यात फवारणी. २०२१-२२ च्या हंगामात तेलंगणा-आंध्रातल्या मिरचीवर एका नव्या फुलकिडीने मोठा घाला घातला आणि शेतकऱ्यांनी हाताला येईल ते फवारलं. फवारणी आणि तोडणी यांत किती दिवसांचं अंतर हवं, हे औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं. पण तोडणारी टोळी आली आहे आणि बाजारभाव चांगला आहे, अशा वेळी ते अंतर कोण पाळणार? २०१७ साली यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा महाराष्ट्र हादरला. फवारणाऱ्याचा मृत्यू निदान दिसतो. फवारलेल्या झाडात दिवसभर हात घालणारीची डोकेदुखी, मळमळ, हाताला येणारं पुरळ कोणत्याही नोंदीत जात नाही. ‘मिरचीनं झालं’ एवढंच तिचं निदान.

पाणी कमी पिण्याचा हिशेब

शेतात शौचालय नसतं. आडोसा दूर असतो. काट्याचा धाक असतो. हात तिखट असतात. या चारही गोष्टी एकाच निर्णयाकडे नेतात: पाणी कमी प्यायचं. मी ज्या बायकांशी बोलले, त्यांतल्या बहुतेकींनी हे सहज सांगितलं, कामाची एक रीत सांगावी तसं. परत आल्यावर लघवीची जळजळ, पोटात कळ, ताप. गावात त्याला ‘गरमी’ म्हणतात. मूत्रमार्गाचा संसर्ग गोळ्यांनी बरा होतो, पण दरवर्षी होत राहिला आणि वर उन्हात शरीर सुकत राहिलं, तर मूत्रपिंडावर भार पडतो.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, निकाराग्वा आणि अल साल्वादोरमधल्या ऊसतोड कामगारांत काही दशकांपूर्वी तरुण पुरुषांची मूत्रपिंडं निकामी होताना दिसू लागली. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरीही. अभ्यासकांनी कारणं शोधली तेव्हा प्रखर उष्णता, अंगमेहनत आणि पुन्हा पुन्हा होणारं निर्जलीकरण यांच्याकडे बोट गेलं. तिथेही मजुरी बहुतांशी तोडलेल्या उसावर ठरते. काही मळ्यांवर पुढे पाणी, विश्रांती आणि सावली या तीन गोष्टींची सक्तीने व्यवस्था झाली. सक्तीने हा शब्द महत्त्वाचा. वजनावर मजुरी घेणारा माणूस आपण होऊन सावलीत बसत नाही. बसवावा लागतो, आणि बसल्याचं नुकसान त्याच्या माथी पडणार नाही, हे पाहावं लागतं.

उन्हात शरीर कसं मोडतं, याचा सर्वांत क्रूर दाखला आपल्याच शेजारी आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा मिरचीची तोडणी ऐन भरात होती. गडचिरोली-चंद्रपूरचे हजारो मजूर तेलंगणात अडकले. रस्ते बंद, म्हणून लोक जंगलातून पायी निघाले. गोदावरी, प्राणहिता, इंद्रावतीच्या काठांनी, मुलं खांद्यावर घेऊन. छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यातली बारा वर्षांची एक मुलगी मुलुगू जिल्ह्यातल्या मिरचीच्या शेतातून अशीच निघाली. शंभराहून अधिक किलोमीटर चालून, घर अगदी जवळ आलं असताना १८ एप्रिलला ती वाटेतच गेली. करोनाची चाचणी नकारात्मक आली. शरीरातलं पाणी आणि क्षार यांचा तोल गेला असावा, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिचं नाव तेव्हा देशभर छापून आलं. ती बारा वर्षांची असून मजूर होती, हे त्या बातम्यांत ओझरतं आलं.

चौदा दिवस

गडचिरोली आणि मलेरिया हे समीकरण महाराष्ट्रात सगळ्यांना पाठ आहे. राज्यात सर्वाधिक रुग्ण असणाऱ्या जिल्ह्यांपैकी हा एक. आशाताईच्या पिशवीत तपासणीची पट्टी असते. बोटाला टोचून रक्ताचा थेंब, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, रेषा पाहायच्या. फॅल्सिपेरम प्रकारचा मलेरिया निघाला तर तीन दिवसांची संयुक्त औषधं आणि सोबत प्रायमाक्विन. व्हायवॅक्स निघाला तर क्लोरोक्विनने ताप उतरतो, पण त्याचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात आणि आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा उठतात. त्यांना मारायला प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावं लागतं.

ताप तिसऱ्या दिवशी उतरतो. गाडी चौथ्या दिवशी निघते. या दोन वाक्यांत मलेरिया निर्मूलनाचा एक मोठा अडसर सामावला आहे. उरलेल्या गोळ्या कुणी सोबत नेतात, कुणी विसरतात, कुणाला त्या रिकाम्या पोटी नकोशा वाटतात. शेतात ताडपत्रीच्या खोपटात रात्री उघड्यावर झोपायचं. मच्छरदाणी घरी. मुलुगू, भद्राचलम हा पट्टाही मलेरियाचाच. तिथे ताप आला तर सरकारी आरोग्य केंद्र कुठे आहे, हे मजुराला माहीत नसतं. माहीत झालं तरी तिथे जाण्यात एक दिवस, म्हणजे एका दिवसाचं पोतं जातं. मग गावातल्या खासगी माणसाकडून सुई आणि सलाईन. पैसे मेस्त्री देतो आणि उचलीत धरतो.

ही माणसं एप्रिलमध्ये परततात. काहींच्या रक्तात परजीवी असतो, अंगात ताप नसतो. मग मोह, मग तेंदू, मग पाऊस. जूनमध्ये डबकी साचतात, डास वाढतात आणि त्यांना परजीवी आयताच मिळतो. आरोग्य खात्याच्या फवारण्या, मच्छरदाण्या, सर्वेक्षणं सगळी गाव धरून आखलेली आहेत. परजीवी माणूस धरून फिरतो. माणूस दोन महिने गावात नसतो, ही गोष्ट त्या आखणीच्या बाहेर राहते.

क्षयाचंही तसंच. उपचार किमान सहा महिन्यांचे. रुग्णाचा नोंदणी क्रमांक देशभर चालतो, पोषणासाठी महिन्याला मिळणारी रक्कमही नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाली. कागदावर तो रुग्ण खम्ममच्या केंद्रातून गोळ्या घेऊ शकतो. त्यासाठी तो जातो आहे हे कुणीतरी आधी कळवायला हवं आणि तो कुठल्या शेतात उतरणार, हे त्याला स्वतःला माहीत हवं. बहुधा ते मेस्त्रीलाच माहीत असतं.

लाल कार्ड

याच जंगलपट्ट्यात सिकलसेल आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदनांचे झटके येतात. ज्याला आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हा दोष मिळाला, तो वाहक. त्याला फॅल्सिपेरम मलेरियाच्या गंभीर रूपापासून काही संरक्षण मिळतं. मलेरियाच्या मुलखात हा दोष पिढ्यानपिढ्या टिकून राहिला तो त्यामुळेच. ज्याला दोघांकडून मिळाला, त्याच्या वाट्याला मात्र आजार येतो, आणि त्याला मलेरिया झाला तर झटका ओढवू शकतो.

रुग्णाला लाल कार्ड मिळतं. हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज घ्यायची, फॉलिक अॅसिड घ्यायचं, पाणी भरपूर प्यायचं, अतिश्रम टाळायचे, फार उन्हात किंवा फार थंडीत राहायचं नाही. जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, २०४७ चं उद्दिष्ट ठरलं. आता ही पथ्यं मिरचीच्या रानाशेजारी ठेवून पाहा. पाणी कमी, उन्हं जास्त, श्रम पहाटेपासून, आणि माघाच्या रात्री ताडपत्रीखाली. झटका यायला जे जे लागतं, ते सगळं तिथे आहे.

अहेरीजवळच्या एका गावात लाल कार्ड असलेला एक तरुण भेटला. दोन हंगाम गेला, दुसऱ्यात हातपाय धरून आठ दिवस खोपटात पडून होता. त्यानंतर घरचे जाऊ देत नाहीत. पण यंदा त्याची बहीण जाते आहे, त्याची जागा भरून काढायला. तिची तपासणी झाली आहे का, असं विचारलं तर आईला सांगता आलं नाही. शाळेत असताना काहीतरी रक्त घेतलं होतं, एवढंच तिला आठवत होतं.

तेंदूची फळी

काम गावातच असेल तर प्रश्न सुटतो का? मे महिन्यात तेंदूचा हंगाम येतो तेव्हा याचं उत्तर पाहायला मिळतं. पहाटे चारला उठून जंगलात, दहा वाजेपर्यंत पानं तोडून घरी, मग दुपारभर सगळं घर पुडे बांधतं. सत्तर पानांचा एक पुडा. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानांच्या संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. ही मजुरीही नगावरच. ऊन मिरचीच्या हंगामापेक्षा कडक. शिवाय वाघ आहे. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदू तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या.

धोका कमी नाही. तरी लोक तेंदूबद्दल बोलतात तो सूर निराळा असतो. जंगल ओळखीचं, झरा कुठे आहे ते ठाऊक, दुपारी डोक्यावर स्वतःचं छप्पर. आंबील घरची. ताप आला तर आशाताई चार घरं सोडून. आणि वनहक्क कायद्यानंतर कित्येक ठिकाणी पत्ता विकणारी आता ग्रामसभाच आहे, दर ठरतो तेव्हा लोक तिथे बसलेले असतात. मिरचीचा दर मेस्त्री फोनवर सांगतो. एवढ्या फरकाने माणसाच्या तब्येतीत फरक पडतो, हे मला इथे आल्याशिवाय इतकं स्पष्ट कळलं नसतं.

कायदा कुणाच्या पाठीशी

२३ जानेवारी २०२४ ला चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बायका वैनगंगा ओलांडून चंद्रपूर जिल्ह्यात मिरची तोडायला निघाल्या होत्या. नाव उलटली. सहा जणी बुडाल्या. ते स्थलांतरही नव्हतं, रोजचं जाणं-येणं होतं; जिल्हा बदलत होता, एवढंच. बातमीत लिहिलं गेलं ‘नाव उलटून’. त्या कामावर निघाल्या होत्या आणि कामाच्या वाटेवर गेल्या, असं म्हटलं असतं तर जबाबदारीचा प्रश्न निराळा झाला असता. सुरक्षित वाट देण्याचं काम कुणाचं होतं, हे कुणालातरी विचारावं लागलं असतं.

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा होता. ठेकेदाराने नोंदणी करायची, प्रवासभत्ता द्यायचा, राहायला नीट जागा आणि मोफत औषधोपचार द्यायचे. आता तो कामगारविषयक नव्या संहितेत मिसळून गेला आहे. पण नोंदणीकृत ठेकेदार आणि आस्थापना अशी या कायद्यांची भाषा असते. गावचाच मेस्त्री, चार एकरांचा मिरची उत्पादक आणि फोनवरची बोली, हे त्या भाषेत कुठे बसवायचं? शेतमालक मोठा धनी असतोच असंही नाही. त्याच्यावर औषधवाल्याचं कर्ज असतं, आणि बाजार पडला तर तोही बुडतो.

बीडच्या बायकांच्या बाबतीत काहीतरी हललं, कारण कुणीतरी मोजलं. राज्य सरकारने २०१९ मध्ये नेमलेल्या समितीने ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. हा आकडा विधिमंडळात, वृत्तपत्रांत, न्यायालयात फिरला. ऊस कारखान्याला जातो, कारखान्याची नोंद असते, मुकादमाशी करार असतो, म्हणून निदान बोट कुठे दाखवायचं ते कळतं. मिरचीला जाणाऱ्यांची अशी मोजणी झालेली नाही.

वहीतली नावं

अहेरी तालुक्यातल्या एका आशाताईने स्वतःहून एक वही ठेवली आहे. कुणी सांगितलेलं नाही. जाणाऱ्यांची नावं, सोबत कुणाचा मेस्त्री, त्याचा फोन नंबर, आणि शेवटच्या रकान्यात तिच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट: गरोदर, लाल कार्ड, क्षयाच्या गोळ्या, तान्हं मूल. गरोदर बाईला गावात असताना अमृत आहार योजनेतून रोज एक वेळचं गरम जेवण मिळतं, वजन होतं, लोहाच्या गोळ्या मिळतात. ती पुलापलीकडे गेली की हे सगळं थांबतं, आणि परत येते तेव्हा सातवा महिना असतो. म्हणून ताई जायच्या आधी दोन महिन्यांच्या गोळ्या मागते. उपकेंद्रात कधी मिळतात, कधी महिन्याच्याच मिळतात. मच्छरदाणीसाठी ती सोबत चार काठ्या बांधून द्यायला सांगते. काही जण ऐकतात.

मेस्त्रीला ती फोन करते, तेव्हा तो उचलतो, कारण ती त्याच्याच गावची सून आहे. एका बाईचा ताप उतरत नव्हता तेव्हा तिने त्याच्याकडून मंडळाचं, म्हणजे तिकडच्या तालुक्याचं, नाव काढलं, मग तिथल्या आशा कार्यकर्तीचा नंबर मिळवला आणि मोडक्यातोडक्या तेलुगूत तिला शेत समजावून सांगितलं. दोन राज्यांच्या आरोग्य खात्यांमधला माझ्या पाहण्यात आलेला हा एकमेव चालता दुवा. त्याचं रिचार्ज ती स्वतःच्या पैशांनी करते.

तिची मागणी मोठी नाही. जानेवारीच्या आधी अशा वह्या सगळ्या गावांतून गोळा व्हाव्यात, मेस्त्रींची यादी तालुक्याला असावी, आणि ती यादी प्राणहितेपलीकडच्या अधिकाऱ्यांना पाठवली जावी. त्यांनी आठवड्यातून एकदा तरी त्या शेतांवर रक्ततपासणीला माणूस धाडावा. व्हायवॅक्सचा रुग्ण असेल तर चौदा दिवस पुरे झाल्याशिवाय त्याला गाडीत बसवू नये, आणि तेवढ्या दिवसांची बुडालेली मजुरी कुणीतरी भरून द्यावी. शेवटची गोष्ट तिने दोनदा सांगितली. मजुरी भरून मिळाली तर लोक थांबतील, याबद्दल तिच्या मनात शंका नाही. यंदाच्या वहीत तिने नवा रकाना आखला आहे: परत आल्यावर रक्त तपासलं का. एप्रिलमध्ये तो भरायला घ्यायचा, तर त्याच आठवड्यात सगळे मोह वेचायला पहाटेच जंगलात गेलेले असतात. म्हणून ती आता चारला उठून वाटेवर उभी राहणार आहे, तपासणीच्या पट्ट्या घेऊन.